उशिरा येणारा आवाज

माझा मेहुणा दोन कानांनी दोन गोष्टी ऐकतो. डाव्या कानाला फोन, उजव्या कानात संगणक. द्रोणागिरीच्या एका कंटेनर गोदामात चौकशीच्या टेबलावर तो बसतो. ट्रकवाले कंटेनरला डबा म्हणतात. ते फोन करतात, डबा सुटला का, गाडी कुठल्या गेटला लावू, आणि हा समोरच्या पडद्यावरची यादी वाचून उत्तर देतो. वाचून म्हणजे ऐकून. त्याला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. बाणाची कळ दाबली की यादीतली पुढची चौकट येते आणि प्रोग्राम ती वाचतो. मेहुण्याने त्या आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवला आहे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यंत्र बिघडलंय असं वाटलं. सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज. त्यातून तो शब्द वेगळे काढतो, तेही दुसऱ्या कानात कुणी तरी हिंदी-मराठीत ओरडत असताना.

त्याची कामाची एक रीत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. तो पूर्ण पाठ असलेला ट्रकवाला मी तरी ऐकला नाही. त्याला शेवटचे तीन-चार आकडे माहीत असतात, त्यातला एक चुकीचा. बाकी वर्णन असतं: “काल दुपारी उतरवला ना, मागच्या लाइनीत, लाल डबा.” लाल या माहितीचा मेहुण्याला उपयोग शून्य. म्हणून नंबर टाइप करून शोधायच्या भानगडीत तो पडत नाही. यादी त्याच्या डोक्यात असते. कालची दुपार कुठे सुरू होते ते त्याला ठाऊक असतं. तिथे उडी मारायची आणि मग शेवटच्या चार आकड्यांच्या रकान्यात ठेक्यात बाण दाबत खाली जायचं. पहिली चौकट वाचून संपायच्या आत दुसरा बाण, पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं की हा आपला नव्हे, मग तिसरा. तोवर फोनवर गप्पा चालू ठेवायच्या. “कुठून आयलास? जेवलास का? गाडी सावलीत लाव.” ट्रकवाला उत्तर देईपर्यंत डबा सापडलेला असतो.

फोनवर शांतता पसरू द्यायची नाही, हा त्याचा नियम. ट्रकवाला शांतता सहन करत नाही, फोन आपटतो आणि थेट गेटवर गाडी आणून उभी करतो. मग मागे रांग लागते.

सगळं ठीक चाललं होतं. त्याला चाचणीवर घेतलं होतं आणि मार्चअखेर कायम करणार होते. आणि मग त्या हिवाळ्यात त्याच्या चुका होऊ लागल्या. एका गाडीला त्याने भलत्याच गेटवर पाठवलं. ड्रायव्हर अर्धा दिवस रांगेत थांबला आणि पुढे गेल्यावर कळलं की डबा तिथे नाहीच. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच. शोधल्यावर लक्षात आलं की त्याने माहिती दिली होती ती बरोबर, पण वरच्या ओळीतल्या डब्याची. एका ओळीची चूक.

त्या टेबलाच्या प्रमुख मॅडम सांगलीकडच्या. आवाज करडा, पण वागायला सरळ. आंधळा माणूस फोनवर ठेवायचा म्हटल्यावर वरचे लोक कां-कूं करत होते, तेव्हा “मी जबाबदारी घेते” म्हणणाऱ्या याच. त्यांनी मेहुण्याला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघा, मला वाईट वाटतंय बोलायला. पण अजून एक गेट चुकलं तर मला तुम्हाला इथून उठवावं लागेल. मग वर मी काय तोंडाने कायम करा म्हणू?”

हे त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते सासूबाईंकडून. माझं सासर उरणच्या बाजूचं, खाडीकाठचं. शेती गेली, मिठागरं गेली, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर घर उभं राहिलं. सासूबाईंनी बायकोला फोन केला आणि एकच वाक्य बोलल्या, “तुज्या भावाचा कान जाया लागलाय.”

हे निदान त्याने स्वतःच केलं होतं. आवाज येतो, पण उशिरा येतो. बोट पुढे जातं आणि कान मागे राहतो. आवाज मागे पडला तर दोष कानाचा, दुसरं काय? सासूबाईंनी ताबडतोब उपाय सुरू केला: खोबरेल तेलात लसूण तळून, कोमट करून, झोपताना दोन्ही कानांत. आठवडाभर हे चाललं आणि आठवड्याने त्याला खरोखरच कमी ऐकू येऊ लागलं. फोनवरच्या ट्रकवाल्यालाही “काय? काय?” करू लागला. आता घरात कुणाला शंका उरली नाही.

आम्ही त्याला नेरूळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांतून तेल काढलं, मळ काढला आणि डाव्या कानातून लसणाचा एक तुकडाही काढला. तो ट्रेमध्ये ठेवून ते म्हणाले, “फोडणीत काय उरलंय घरी?” मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख आमच्यापुढे धरला. “याचे कान तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत. माझ्यापेक्षाही.”

सासूबाई म्हणाल्या, “मंग? त्यालाचा गुन हाय तो.”

मेहुणा मात्र हसला नाही. सोमवारी कामावर गेला आणि आवाज पुन्हा उशिरा आला. डॉक्टर म्हणतात कान ठीक, मग बिघाड त्याच्याही आत कुठे तरी असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता. ताटातलं सुकट चिवडत बसला आणि मग बहिणीला म्हणाला, “ताय, डोल्यांचं मना कधी वाटलं नाय. ते नव्हतेच. पन कान हाय म्हनून मी हाय.” बायको उठून स्वयंपाकघरात गेली.

मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत संगणक विभागात आहे. शंभरेक यंत्रं चालू ठेवायची, हे माझं काम. या कामाने मला एक खोड लागली आहे. कुणी ‘स्लो झालंय’ म्हणालं की मी विचारतो, किती? ही खोड घरात कुणाला आवडत नाही. पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

“किती उशिरा येतो?” मी विचारलं.

“आता त्याचा काय आकडा सांगू, दाजी? लेट येतो म्हंजे लेट येतो.”

“आवाज उशिरा येतो की तुला उशिरा ऐकू येतो? दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.”

“मना कसं समजनार?” तो चिडून म्हणाला. “मना तर एकच ऐकू येतं ना!”

त्याचं बरोबर होतं. डोळस माणसाने पडद्याकडे पाहिलं असतं आणि कळलं असतं की यंत्रच रखडतंय. त्याच्याकडे यंत्र आणि कान यांच्यामध्ये उभं राहून बघायला तिसरं काही नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी माऊस वापरत. त्यांच्या संगणकांना काही झालेलं नव्हतं, म्हणून त्यांनी याच्या यंत्रावर कधी संशय घेतला नाही. आम्ही सगळ्यांनी कानाला विचारलं, संगणकाला कुणी विचारलंच नाही.

मी मॅडमना फोन करून परवानगी मागितली आणि शनिवारी द्रोणागिरीला गेलो. माझी पद्धत साधी होती. मेहुण्याचा हेडफोन काढून कीबोर्डजवळ ठेवला, त्याच्याशेजारी माझा मोबाइल ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मेहुणा बाण दाबत गेला. रेकॉर्डिंगमध्ये कळीची टकटक येते आणि स्क्रीन रीडरचा आवाजही येतो. लॅपटॉपवर ती ध्वनीची रेघ ताणून मोठी केली की टकटक कुठे संपली आणि आवाज कुठे सुरू झाला ते दिसतं. मधलं अंतर मोजायचं. एकदा मोजून भागत नाही, पुष्कळदा मोजून मधला आकडा धरायचा. तो आला सेकंदाच्या चार दशांशाच्या आसपास.

“हे जास्त आहे का?” मॅडमनी विचारलं. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

“एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. याच्याच बरोबर घेतलेलं दुसरं यंत्र आहे का? कुणी न वापरलेलं?”

होतं. जादा म्हणून घेतलेलं एक यंत्र कपाटात खोक्यासकट पडून होतं. तेच मॉडेल, त्याच खरेदीतलं. ते काढलं, गोदामाच्या आतल्या जाळ्याला तेवढ्यापुरतं जोडलं, तीच यादी उघडली आणि मेहुण्याला त्याच्यापुढे बसवलं. त्याने तीन-चार बाण दाबले आणि हात मागे घेतला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय,” तो म्हणाला. “परत लावा बगू.”

मोजलं. पाव सेकंदाच्या थोडं आत.

मला अंदाज आलाच होता. मी त्या पडून असलेल्या यंत्रावर सुरक्षेचं एकच अपडेट टाकलं, बाकी काही नाही, आणि पुन्हा मोजलं. चार दशांश.

हे अपडेट मला चांगलं माहीत होतं. त्याच हिवाळ्यात ते इथल्या यंत्रांवर आपोआप आलं होतं, आणि आमच्या कंपनीतल्या शंभर यंत्रांवर मीच टाकलं होतं. मॅडमना आणि मेहुण्याला ते समजावून सांगायला मला चहाचे दोन कप लागले. इथे थोडक्यात सांगतो.

संगणकातल्या सगळ्या प्रोग्रामांवर एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. फाईल उघडायची, पडद्यावर काही आणायचं, दुसऱ्या प्रोग्रामला काही विचारायचं, तर सगळं कर्नलमार्फत. त्याच्या स्मृतीत सगळ्यांची गुपितं असतात, पासवर्डसुद्धा. पूर्वी कर्नलची स्मृती आणि प्रोग्रामची स्मृती, कुठे काय ठेवलंय ते दाखवणाऱ्या एकाच नकाशात असत. म्हणजे कचेरीतल्या दालनातच साहेबांची केबिन, दाराला कुलूप, पण भिंत काचेची. आत जाता येत नाही, तरी सही घ्यायला दोन पावलांवर. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काचेवरच्या सावलीवरून आतल्या कागदावर काय लिहिलंय ते ओळखता येतं. प्रोसेसर घाईने पुढचं काम अंदाजाने करून ठेवतो, चुकलं तर टाकून देतो, पण टाकून दिलेल्याचा मागोवा राहतो. एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला एवढ्यावरून गुपित फोडता येतं. यावर उपाय केला तो असा की केबिनच दुसऱ्या इमारतीत नेली आणि मध्ये पक्की भिंत घातली. प्रोग्राम चालताना त्याच्या नकाशात कर्नल जवळजवळ नाहीच. काही विचारायचं झालं की नकाशा बदलायचा, पलीकडे जायचं, काम करून परत यायचं, पुन्हा नकाशा बदलायचा. आणि जुन्या प्रोसेसरचं आणखी एक दुखणं असतं. नकाशा बदलला की कुठलं टेबल कुठे होतं ते तो विसरतो. प्रत्येक फेरीनंतर पुन्हा शोधायला सुरुवात.

“एका फेरीला किती वेळ जातो?” मॅडमनी विचारलं.

“सेकंदाचे लाख भाग केले तर त्यातला एक, फार तर दोन. माणसाला कळणारही नाही.”

“मग?”

“मग फेऱ्या किती, ते बघायचं.”

तिथे खरी गोम होती. माऊसवाला माणूस यादी उघडतो, डोळ्याने बघतो, एकदा क्लिक करतो. त्याच्या डोळ्यांना कर्नलची परवानगी लागत नाही. मेहुण्याचा स्क्रीन रीडर मात्र प्रत्येक चौकटीवर विचारतो: इथे काय लिहिलंय, ही कितवी ओळ, कुठला रकाना, नाव काय. शिवाय गोदामाचा तो यादीचा प्रोग्राम असा ढिसाळ लिहिलेला की एका ओळीचा पत्ता लावायला तो दर वेळी यादीच्या तोंडापासून मोजत येतो. यादी हजारो ओळींची. एक बाण दाबला की हजारो फेऱ्या. पूर्वी त्या फेऱ्या दोन पावलांच्या होत्या म्हणून खपून जात होत्या.

मेहुणा म्हणाला, “म्हंजे ज्याला डोले हायत तो एक फेरी मारतो, आन माजी गावभर पायपीट.”

“हो.”

“आन माजा कान?”

“तुझा कान ठीक आहे. पाव सेकंदाला जिथे आवाज यायचा तिथे तू पुढचा बाण दाबतोस. तुझा ठेका बरोबर आहे. आवाज एक ओळ मागे राहतो. म्हणून वरच्या ओळीचा डबा.”

त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मॅडम मान वळवून खिडकीबाहेर बघत होत्या.

मी आमच्या कंपनीत याच अपडेटची किंमत मोजून साहेबांना कळवली होती. शंभर यंत्रांच्या वेगात सरासरी शेकड्याला चार-पाचाच्या आत घट, जाणवणार नाही इतकी. तो आकडा खोटा नव्हता. आजही मी तोच देईन. पण सरासरीत शंभर माणसं असतात आणि त्यातला एखादा पावलापावलाला विचारत चालणारा असतो. त्याची वाट इतकी लांबली तरी नव्याण्णवांच्या बेरजेत ती दिसत नाही. हे मला गणित म्हणून माहीत होतं. ते माझ्या ताटासमोर सुकट चिवडत बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मॅडम वळल्या. “हे बंद करता येतं का?”

“येतं. एक सेटिंग आहे. यंत्र पुन्हा चालू केलं की झालं.”

“मग करा ना! वाट कसली बघताय?”

“मी नाही करणार, मॅडम.”

मेहुण्याने झटकन मान वर केली. “काय?”

“माझ्या हाताने नाही.”

“दाजी, माजी नोकरी जाईल!”

“ऐकून तर घे.”

“काय ऐकू? तुमचं तत्त्व तुमच्या कंपनीन ठेवा. हितं मना रोज आईबहिनीवरून ऐकाला लागतंय.” त्याने इतक्या जोरात खुर्ची मागे सारली की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने फोनवर हात ठेवला.

मी त्याला विचारलं, “या यंत्रावर तू काय काय उघडतोस?”

“यादी.”

“आणखी?”

“डबा सोडायचा हुकूम. मॅडमनी ओके केला की मी गेटला धाडतो.”

“कुणाच्या नावाने?”

“माज्या.”

“तुझं नाव आणि तुझा पासवर्ड. तो या यंत्राच्या स्मृतीत असतो. उद्या कुणी तरी मेलमधून एखादी पिडा घुसवली आणि भिंत नसल्यामुळे तिने तो पासवर्ड वाचला, तर तुझ्या नावाने भलत्याचाच डबा गेटबाहेर जाईल. असं घडण्याची शक्यता थोडी आहे, मी कबूल करतो. पण घडलं तर चौकशीत नाव कुणाचं येईल? आणि तू सांगशील काय, मला दिसलं नाही?”

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं. पण तोच हसला. छोटंसं, नाकातल्या नाकात. “सालं, ते पन खरंच हाय,” म्हणाला आणि खुर्ची परत पुढे ओढली.

मॅडम म्हणाल्या, “मग करायचं काय? भिंत ठेवायची आणि यांना घरी पाठवायचं?”

तो प्रश्न रास्त होता. यादीचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सांगून दर वेळी तोंडापासून मोजणं बंद करवून घ्यावं, हा खरा इलाज. मी तिथेच बसून त्यांना मेल लिहिला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. नवं यंत्र मागायचं तर मंजुरी पुढच्या आर्थिक वर्षात, म्हणजे मार्च उलटून गेल्यावर.

मी खोलीतली यंत्रं बघत फिरलो. सगळी त्याच खरेदीतली. मॅडमच्या टेबलावरचं तेवढं वेगळं होतं, बारीक, काळं, नवं. मी त्याची माहिती उघडून बघितली. नव्या प्रोसेसरांत एक सोय असते: दोन्ही नकाशे शिक्के मारून शेजारी शेजारी ठेवतात, त्यामुळे ये-जा केली तरी आधीचं विसरायला होत नाही. भिंत तीच, तेवढीच जाड, पण फेरी स्वस्त. मॅडमच्या यंत्रात ती सोय होती.

“मॅडम, तुम्ही या संगणकावर दिवसभर काय करता?”

“मेल. हजेरी. हुकूम ओके करायचे. का?”

“माऊसने?”

“मग काय पायाने?” आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. “थांबा. म्हणजे ते मंद मशीन मला?”

“तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“आणि कळलं तर?”

“तर मला फोन करा. मी येऊन परत बदलून देईन.”

त्या जरा वेळ आपल्या यंत्राकडे बघत राहिल्या. ते त्यांना बढतीबरोबर मिळालं होतं, हे मला मेहुण्याने नंतर सांगितलं. पडद्याच्या कडेला एका लहान मुलीचा फोटो चिकटवलेला होता. त्यांनी तो नखाने हळूच सोडवला, मेहुण्याच्या यंत्रावर चिकटवला आणि म्हणाल्या, “उचला.”

तारा काढून लावून, स्क्रीन रीडर चढवून, त्याच्या वेगाची खूण त्याला हवी तिथे आणून होईपर्यंत दुपार कलली. भिंत चालू असल्याची खात्री मी दोन्ही यंत्रांवर करून घेतली. मग मोजलं. पाव सेकंद आणि वर थोडं. अपडेटच्या आधीइतकं तंतोतंत नाही, पण त्याच्या ठेक्यात बसेल असं. मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. इतके दिवस कानाला दोष दिल्यावर एका आकड्याने तो दोष कसा पुसला जाणार? त्याने हेडफोन चढवला आणि एक बाण दाबला. थांबला. दुसरा दाबला. पुन्हा थांबला. पाण्याचा अंदाज घेत खाडीत उतरावं तसा.

“भरभर दाब की,” मी म्हणालो.

“दाबतो ना. घाई करू नका.”

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी स्पीकरचं बटण दाबलं, मलाही ऐकू यावं म्हणून. बीडकडचा कुणी ड्रायव्हर होता, मागे गाड्यांचे हॉर्न चालले होते.

“ओ भाऊ, माझा डबा बघा ओ. आठ चार काहीतरी आहे शेवटी. परवा सकाळी उतरवला होता, निळा...”

मेहुण्याचा डावा हात फोनवर, उजवा बाणांवर. पहिले तीन-चार ठोके अडखळत पडले. मग बोटांनी गती धरली. टक टक टक टक. आवाज नि बोट, एकापाठोपाठ एक.

“आठ चार नाय, आठ सात,” तो म्हणाला. “हुकूम झालाय. तीन नंबर गेट. डावीकडची रांग धर, उजवी अडकलीय.”

मग ड्रायव्हरने संशयाने विचारलं, “हे माणूस बोलतंय का मशीन?”

मेहुणा खुर्चीत मागे टेकला.

“मानूस हाय रे,” तो म्हणाला. “जेवलास का?”

मॅडमनी जुन्या यंत्रापुढे बसून मेल उघडला. मी थोडा वेळ त्यांच्या मागे उभा राहिलो, काही तक्रार येते का ते बघायला. आली नाही. मेहुण्याचा फोन पुन्हा वाजत होता.